वाचकांचे प्रश्न : वसाहतमुक्त शिक्षण, एआय आणि गावातला सलोखा

मागच्या अंकात आम्ही एक मांडणी केली होती. गावची भाषा, गावचं ज्ञान आणि गावचा स्वतःचा इतिहास यांना शाळेत पाठ्यपुस्तकाइतका मान मिळाला, तर समाजासमाजांतला जुना संशय सैल व्हायला मदत होते. असं शिक्षण म्हणजेच आमच्या लेखी वसाहतमुक्त शिक्षण. या कामात एआयची साधनं कारकून म्हणून वापरावीत, साक्षीदार किंवा पंच म्हणून नव्हे, असंही आम्ही म्हटलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या काही प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : वसाहतमुक्त शिक्षण म्हणजे इंग्रजी हद्दपार करायची आणि जुन्या पाठशाळा पुन्हा उघडायच्या, असंच ना? मग आमच्यासारख्यांना त्यात जागा कुठे?
— निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

तुमची शंका रास्त आहे, कारण या शब्दाच्या आडून तसा आग्रह धरणारे लोक आहेत. आमचा आग्रह तो नाही. इंग्रज येण्यापूर्वीच्या पाठशाळांचं दार बहुसंख्य मुलांना, आणि जवळपास सगळ्याच मुलींना, बंद होतं. ते दिवस परत आणण्याला वसाहतमुक्ती म्हणता येणार नाही.

1882 साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी दिलेलं निवेदन या विषयातला आपला पहिला दस्तऐवज मानावा असं आम्हांला वाटतं. शेतकऱ्याच्या घामातून सरकारी तिजोरी भरते आणि तो पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करा, मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या जोडीला शेतीचं आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञान द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्यांचा रोख इंग्रजी भाषेवर नव्हता. शाळा कोणासाठी चालते आणि तिथे कोणाला माहीत असलेली गोष्ट ‘ज्ञान’ ठरते, हा त्यांचा सवाल होता. पुढे ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमची योजना मांडली गेली. हाताचं काम आणि मातृभाषा यांना तिनं शिक्षणाच्या मध्यभागी आणलं.

तेव्हा इंग्रजी शिकवाच, चांगली शिकवा. बदलायचं आहे ते एवढंच की, आपल्या आजीला जे येतं ते अडाणीपण आणि पुस्तकात छापलंय तेवढंच खरं, असं मुलानं शाळेत शिकून घरी जाऊ नये.

प्रश्न : मी पारधी समाजातली आहे. कॉलेजच्या प्रकल्पासाठी एका एआय चॅटबॉटला आमच्या समाजाची माहिती विचारली, तर ‘परंपरेनं गुन्हेगारीशी जोडला गेलेला समाज’ असं उत्तर आलं. वर्गात ते सगळ्यांसमोर पडद्यावर होतं. हे कुठून येतं आणि यावर करायचं काय?
— विद्यार्थिनी, सोलापूर

ते वाक्य यंत्राच्या मनातलं नाही, त्याचा माग काढता येतो. 1871 साली ब्रिटिश सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला आणि 1911 च्या सुधारित कायद्यानं तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जन्मानंच अख्खी जमात गुन्हेगार ठरवायची, माणसांची नोंदणी करायची, बोटांचे ठसे घ्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची, गावाबाहेर जायला परवाना मागायचा. तुमच्या सोलापुरातली सेटलमेंट, म्हणजे अशा जमातींना देखरेखीखाली ठेवण्याची वसाहत, याच व्यवस्थेतली. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा देशभर रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात.

कायदा गेला, पण त्या काळचे जनगणना अहवाल, पोलिसांची हस्तपुस्तकं, गॅझेटियर्स (जिल्ह्यांच्या माहितीचे सरकारी ग्रंथ) आणि ‘जाती व जमाती’ छापाचे जाडजूड ग्रंथ राहिले. ते कॉपीराइटमधून मोकळे आहेत, इंग्रजीत आहेत आणि स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट पडलेले आहेत. चॅटबॉटमागची भाषेची मॉडेल शिकतात ती बरीचशी अशाच मजकुरावर. उलट विमुक्तांनी स्वतः लिहिलेली मराठी आत्मकथनं, जात पंचायतींविरुद्धच्या चळवळींचं साहित्य, कार्यकर्त्यांच्या पुस्तिका यांतलं फार थोडं डिजिटल रूपात आहे. म्हणून यंत्राच्या पोटात साहेबाचा शब्द दहादा गेलेला असतो आणि तुमचा एकदाही नसतो. नवी मॉडेल थोडी सावधपणे बोलतात, ‘ब्रिटिशांनी असा शिक्का मारला’ असं आधी सांगतात, पण पुढच्याच परिच्छेदात त्याच जुन्या ग्रंथातल्या स्वभाववर्णनावर येतात.

यावर वर्गात दोन तासिकांचा एक पाठ घेता येतो. तुमच्या प्राध्यापकांना हा मजकूर जरूर दाखवा. पाच-पाच जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाला चार कागद द्या: एआयचं उत्तर छापून, त्याच समाजावरचं जुन्या गॅझेटियरचं एक पान, 1871 च्या कायद्यातली नोंदणी-हजेरीची कलमं सोप्या मराठीत, आणि समाजातल्याच कोणी लिहिलेला किंवा सांगितलेला एक पानभर मजकूर. पहिल्या तासिकेत एआयच्या उत्तरातल्या प्रत्येक वाक्याखाली खूण करायची. ज्याचा पुरावा तपासता येतो त्याखाली सरळ रेघ, नुसतं विशेषण असेल तर नागमोडी रेघ, आणि ‘परंपरेनं’, ‘सहसा’, ‘मानलं जातं’ अशा कर्ता लपवणाऱ्या शब्दांभोवती गोल. दुसऱ्या तासिकेत गोल केलेला प्रत्येक शब्द घेऊन विचारायचं: कोण मानतं? कधीपासून? तसं मानून कोणाची सोय झाली? नागमोडी रेघेखालचे शब्द गॅझेटियरच्या पानात सापडतात का, हेही पाहायचं. अनेकदा जवळजवळ तेच शब्द सापडतात, आणि तो क्षण मुलांच्या लक्षात राहतो.

यात तीन चुका होतात. पहिली चूक सर्वांत वाईट: त्या समाजाच्या विद्यार्थ्याला ‘तूच सांग’ म्हणून उभं करणं. हे कदापि करू नये. चौथा कागद त्यासाठीच आहे. दुसरी चूक म्हणजे ‘जुनं सगळं खोटं’ असा निष्कर्ष. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर्समधली बाजारभाव, पीकपाणी, रस्ते, तळी यांची माहिती आजही उपयोगी पडते. लोकांच्या स्वभावाबद्दलची विधानं मात्र राज्य चालवण्याच्या गरजेतून आलेली आहेत. एकाच पानावर दोन्ही असू शकतं आणि ते वेगळं करता येणं हेच कौशल्य. तिसरी चूक, खलनायक बदलून थांबणं. इंग्रज गेल्याला पाऊणशे वर्षं झाली. आजही चोरी झाली की आधी पालावर कोण जातं, हा प्रश्न पाठात आला नाही तर पाठ अर्धाच राहिला.

एआय वापरायचंच असेल तर त्याला स्वतःच्या आठवणीतून बोलू देऊ नका. तुमच्याकडचा मजकूर परिच्छेदांना क्रमांक देऊन चिकटवा आणि सांगा: ‘फक्त याच मजकुरावरून उत्तर दे, प्रत्येक वाक्यापुढे परिच्छेदाचा क्रमांक लिही, माहिती नसेल तिथे मजकुरात नाही असं लिही.’ मग क्रमांक ताडून पाहा. यंत्र अधूनमधून क्रमांकही चुकीचे देतं.

प्रश्न : आमच्या गावात मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा दर पावसाळ्यात उठते. आम्ही ग्रामपंचायतीतर्फे चेहरा ओळखणारा एआय कॅमेरा बसवून बाहेरून येणाऱ्या फिरस्त्यांची नोंद ठेवायचा विचार करतोय. योग्य राहील का?
— सरपंच, साक्री तालुका

सरपंच साहेब, हेतू चांगला असला तरी हे करू नका. फिरस्ता आला की त्याचा चेहरा नोंदवायचा आणि गावकऱ्याचा नाही, म्हणजे आधीच्या उत्तरात सांगितलेली हजेरीच झाली, फक्त बोटांच्या ठशाऐवजी कॅमेरा. शिवाय चेहरा ओळखणारी यंत्रणा चुकते, विशेषतः स्वस्त कॅमेरा, संध्याकाळचा उजेड आणि उन्हानं रापलेले चेहरे असतील तेव्हा. ‘मशीननं ओळखला’ असं एकदा म्हटलं की जमाव थांबत नाही.

तुमच्याच तालुक्यात, राईनपाड्याला, 1 जुलै 2018 रोजी आठवडी बाजाराच्या दिवशी काय झालं ते आपल्याला माहीत आहे. सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या, भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठार केलं. ती माणसं अनोळखी होती ती गावासाठी. ती कुठून येतात, कशासाठी येतात, त्यांची भाषा कोणती, हे गावातल्या कोणालाही शाळेत कधी शिकवलेलं नव्हतं. कॅमेऱ्यानं ही उणीव भरून निघत नाही.

त्याऐवजी पावसाळ्याआधी, मे महिन्यात, करायचं काम असं. गावात वर्षभर कोणकोणते भटके समाज येतात याची यादी शाळेतल्या मुलांकडून करून घ्या. माणसांची नावं नकोत. समाज, महिना, काम एवढंच पुरे: डवरी गोसावी, नंदीवाले, वासुदेव, मेंढरं घेऊन येणारे धनगर, ऊसतोड मजूर. ज्येष्ठांना विचारून मुलं एक मोठा तक्ता करतील, तो चावडीवर लावा. जिथं पाल पडतं तिथल्या मुलांना शाळेत तात्पुरतं बसवून घेता आलं तर फारच चांगलं, कारण आपलं पोर ज्याच्या शेजारी बसतं त्याच्या बापाला टोळीवाला म्हणायला जीभ रेटत नाही.

आता अफवेचा व्हिडिओ आल्यावर काय करायचं. एआयनं बनवलेला व्हिडिओ ओळखणाऱ्या साधनांवर इथे भिस्त ठेवू नका. 2018 साली देशभर फिरलेला मोटारसायकलवरून मूल उचलण्याचा व्हिडिओ यंत्रानं बनवलेला नव्हता. कराचीतल्या एका जनजागृतीच्या फितीचा शेवट कापून तो पसरवला होता. असा खरा पण तोडलेला व्हिडिओ तपासणी साधनाला ‘खरा’च वाटणार. म्हणून क्रम असा ठेवा.

व्हिडिओ थांबवून स्पष्ट दिसणाऱ्या तीन चौकटींचे स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्सवर टाका. दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेट, गणवेश असलेल्या चौकटी निवडा, नुसते चेहरे नकोत. संदेशावर दोन बाणांची ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ खूण आहे का पाहा. याला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नका. शोध लागो न लागो, 112 वर फोन करून ठाण्याला कळवा. मग गावाच्या ग्रुपवर मूळ व्हिडिओ परत न टाकता तीस सेकंदांचा आवाजी संदेश टाका, तोही गावबोलीत आणि गावानं ओळखलेल्या आवाजात: तुम्ही, आशाताई, किंवा मुख्याध्यापक. ‘अमुक व्हिडिओ खोटा आहे’ अशी सुरुवात केली तर लोक व्हिडिओ शोधायला जातात. सुरुवात ‘आपल्या गावातली सगळी पोरं घरी आहेत, ठाण्यात आत्ताच बोललोय’ अशी करा. एआयचा कृत्रिम आवाज इथे मुळीच नको, भरवसा माणसाच्या आवाजावर बसतो.

प्रश्न : माझ्या वर्गातली मुलं घरी गोंडी बोलतात, मला जेमतेम कळते. एआयकडून गोंडी पाठ तयार करून घेता येतील का?
— प्राथमिक शिक्षिका, धानोरा तालुका

थेट नाही, पण वळसा घालून येतील. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे 29 लाख 84 हजार होते, तेही महाराष्ट्रासह अनेक राज्यांत विखुरलेले. भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, म्हणून अनुसूचित 22 भाषांसाठी झालेल्या मोठ्या भाषांतर प्रकल्पांचा फायदा तिला मिळालेला नाही. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयानं 1 सप्टेंबर 2025 रोजी ‘आदि वाणी’ या भाषांतराच्या साधनाची चाचणी आवृत्ती आणली, त्यात गोंडी आहे, पण ती छत्तीसगडची. तुमच्याकडच्या गोंडीशी आणि भामरागडच्या माडिया बोलीशी ती तंतोतंत जुळत नाही. शब्द शोधायला वापरा, अख्खा पाठ त्यातून काढू नका. मुलं हसतील, आणि आपल्याच भाषेला हसायची सवय लागणं हे नुकसान मोठं आहे.

वळसा असा. सुरुवात निर्धोक विषयांपासून करा: मोहफूल वेचणं, बांबूचे प्रकार, मासे पकडायच्या रीती. एका ज्येष्ठ व्यक्तीकडून तीन-तीन मिनिटांचे दहा तुकडे, एकूण अर्धा तास. फोन विमान मोडवर, तोंडापासून वीतभर अंतरावर, पंखा बंद, कोंबड्यांपासून लांब. ॲपमध्ये वेव्ह फाइल, मोनो, 16 किलोहर्ट्झ निवडा. मिनिटाला सुमारे दोन एमबी लागतात, म्हणजे अर्धा तास साठ एमबीत मावतो. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका, आवाज दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलच्या नावात तारीख, विषय आणि तुकड्याचा क्रमांक घाला.

आवाजाचं मजकुरात रूपांतर करणाऱ्या साधनाला गोंडी ऐकवली तर ते तिला मराठी किंवा तेलुगू समजून भलतंच काही लिहितं. म्हणून दोन्ही भाषा येणाऱ्या तरुणानं हेडफोनवर एकेक वाक्य ऐकून ते मराठीत बोलायचं आणि तेही रेकॉर्ड करायचं. हे मराठी रेकॉर्डिंग यंत्राला द्या. गोंडी वाक्यं मात्र त्याच तरुणानं हातानं, देवनागरीत, शेजारच्या रकान्यात लिहायची. मसराम आणि गुंजाला या गोंडीच्या लिप्या युनिकोडमध्ये 2017 आणि 2018 मध्ये आल्या आहेत. गावाला त्या हव्या असतील तर जरूर वापरा, पण पहिल्या वर्षी मुलांवर दोन लिप्यांचा बोजा नको.

मराठी मजकूरही तसाच घेऊ नका. बोलणारा पाच-सात सेकंद थांबला की ही यंत्रं शांततेच्या जागी न बोललेली वाक्यं घालतात किंवा तेच वाक्य तीनदा लिहितात, म्हणून शांत जागा आधी कापा. गावांची, झाडांची नावं हमखास चुकतात. ‘अडीच पायली’ची ‘अडीच किलो’ होऊ शकते. वैदर्भी क्रियापदं सरळ प्रमाण मराठीत बदलतात. अर्ध्या तासाच्या ध्वनीला दुरुस्तीचे दोन-तीन तास धरा. शेवटी साठ ते ऐंशी शब्दांचं एकेक वाचनपत्रक करा, वर गोंडी, खाली मराठी, ठळक टाइपात. दहा पत्रकांवर पहिलं सत्र निघतं. ज्यांनी सांगितलं त्यांचं नाव, त्यांची हरकत नसेल तर, प्रत्येक पत्रकावर लेखक म्हणून टाका. आणि ते ‘पुरावा’ म्हणून नव्हे तर पाठ म्हणून वर्गात वाचा, त्यावरच परीक्षेत प्रश्न विचारा. परीक्षेत येत नाही ते महत्त्वाचं नाही हे मुलांना पक्कं ठाऊक असतं.

धानोरा तालुक्यातच मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 पासून गोंडी माध्यमाची शाळा चालवली आहे. तिथल्या शिक्षकांशी बोला, यंत्रापेक्षा ते जास्त सांगतील.

प्रश्न : आमचा तरुणांचा गट आहे. गावात नक्षल-पोलीस संघर्षाच्या काळात जे घडलं ते ज्येष्ठांकडून रेकॉर्ड करून एआयनं त्याचं संकलन करावं, म्हणजे जखमा भरतील, असं वाटतं.
— गडचिरोली जिल्हा

फोनवर रेकॉर्ड करू नका. कोण कोणाच्या बैठकीला गेलं, कोणी जेवण दिलं, कोणी खबर दिली, हे एका फाइलमध्ये एकत्र आलं की ती फाइल कोणाच्या हातात पडेल ते तुमच्या हाती राहत नाही. नाव काढलं तरी आवाजावरून, गावावरून, तारखेवरून माणूस ओळखता येतो आणि एआयची साधनं हेच ओळखणं सोपं करतात. बहुतेक फुकट साधनांवर टाकलेला मजकूर त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो.

ऐकण्याची गरज मात्र खरी आहे. ते ऐकणं रेकॉर्डरशिवाय, गावानं मानलेल्या माणसांच्या समोर, आणि ज्याला मधूनच उठून जायचंय त्याला जाता येईल अशा रीतीनं करा. शाळेत या विषयाला हात घालायचा तर जंगल, वाट, बाजार, शाळा त्या काळात कशी बदलली, एवढ्यापासून सुरुवात करा. दोषारोपाच्या गोष्टी मुलांकडून गोळा करवू नका.

प्रश्न : गोळा केलेला हा सगळा ठेवा शेवटी कोणाचा? एक कंपनी ‘फुकट ॲप देतो, रेकॉर्डिंग आमच्याकडे द्या’ म्हणते आहे.
— ग्रंथपाल, नंदुरबार

बोलणाऱ्यांचा. याचं जगातलं सर्वांत चांगलं उदाहरण न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला काइताइया इथे आहे. 1867 च्या नेटिव्ह स्कूल्स कायद्यापासून तिथल्या मूळ रहिवासी माओरींच्या मुलांना शाळेत इंग्रजीची सक्ती झाली आणि पुढे पिढ्यान् पिढ्या स्वतःची भाषा बोलल्याबद्दल मार बसला. तिथल्या ते हिकु मीडिया या माओरी नभोवाणी संस्थेनं 2018 मध्ये समाजाला आवाहन करून दहा दिवसांत तीनशे तासांहून जास्त वाचलेली माओरी गोळा केली आणि स्वतःच आवाज ओळखणारं यंत्र बनवलं. मोठ्या कंपन्यांना त्यांनी हा विदा (डेटा) दिला नाही. राखणदारीच्या माओरी कल्पनेवर परवाना बेतला, त्यात वापर समाजाच्या हिताचाच असावा अशी अट आहे.

तुमच्या बाबतीत, पेसा क्षेत्र (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना खास अधिकार देणारा कायदा लागू असलेला भाग) असेल तर आधी ग्रामसभेचा ठराव घ्या. ठरावात पाच गोष्टी हव्यात: काय रेकॉर्ड होणार, मूळ प्रत कुठे राहणार, बाहेर कोणाला आणि कशासाठी देता येईल, बोलणाऱ्याला आपलं बोलणं परत घेता येईल का, आणि उत्पन्न झालं तर कोणाचं. रेकॉर्डिंगचे तीन वर्ग करा: सर्वांसाठी, फक्त गावासाठी, आणि मुळात रेकॉर्ड करायचंच नाही असं. औषधी वनस्पतींची ठिकाणं आणि देवस्थानांचे विधी पहिल्या वर्गात कधीच नसावेत. अठरा वर्षांखालच्या मुलाचा आवाज असेल तर पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्या, 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात तशी तरतूद आहे. कंपनी ठरावातल्या अटी लेखी मान्य करत नसेल तर ॲप नाकारा. दोन पेनड्राइव्ह आणि एक वही यांवर काम चालतं.

प्रश्न : गावात दोन गटांत पाण्यावरून भांडण आहे. सगळ्यांची मतं एआयकडून एकत्र करून सुवर्णमध्य काढता येईल?
— कार्यकर्ता, यवतमाळ

मतं लावून घेण्यापुरता उपयोग आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2020 मध्ये येमेन आणि लिबियात एआयच्या मदतीनं शेकडो लोकांशी एकाच वेळी ऑनलाइन संवाद केला, तोही स्थानिक अरबी बोलींत, आणि आलेल्या उत्तरांचे गट करून वाटाघाटी करणाऱ्यांपुढे ठेवले. पण या पद्धतीत एक मुरलेला दोष आहे. यंत्र सारखी मतं एकत्र बांधतं आणि न बसणारी ‘इतर’मध्ये ढकलतं. पाण्याच्या भांडणात ‘इतर’मध्ये कोण जातं? वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या दोन-तीन बाया, ज्यांचा हंडा सगळ्यात शेवटी भरतो.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची रीत याच्या उलट आहे. तिथे निर्णय सर्वसहमतीनं होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. आणि निर्णयापासून वेगळा असा अभ्यास गट असतो, जिथे मत न देता नुसता अभ्यास चालतो, कायदे वाचले जातात, बाहेरच्या जाणकाराला बोलावलं जातं. जंगल सरकारचं आणि गाव अतिक्रमक, ही इंग्रजांच्या वन कायद्यांनी रुजवलेली समजूत अभ्यासातून उलटवूनच या गावानं 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. आमच्या मते शांततेच्या शिक्षणाचा याहून चांगला नमुना महाराष्ट्रात नाही.

तेव्हा यंत्र अभ्यास गटात बसवा, सभेत नाही. मतं कागदावर, नाव न लिहिता घ्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची दुसऱ्या गटातल्या माणसानं लिहून घ्यावीत आणि वाचून दाखवावीत. यंत्राला सूचना द्या: ‘मतांचे गट कर, पण एकट्या मतांना इतर म्हणू नकोस. प्रत्येक एकटं मत जसंच्या तसं, यादीत सगळ्यात वर दे. तोडगा सुचवू नकोस.’ निघालेला कागद मूळ चिठ्ठ्यांशी दोन्ही गटांच्या एकेका माणसानं ताडून पाहावा. चिठ्ठ्यांची आणि यादीतल्या मतांची संख्या जुळली नाही तर सभेत तो कागद आणू नका.

प्रश्न : मी कोकणीत बोललेलं यंत्र मराठी करून लिहितं. छोटी गोष्ट आहे, पण राग येतो.
— शिक्षक, फोंडा

छोटी नाही. दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात आणि मराठी मजकूर कितीतरी पट जास्त आहे, म्हणून यंत्र मराठीकडे झुकतं. ज्या गोव्यात भाषेवरून 1980 च्या दशकात आंदोलन पेटलं आणि 1987 च्या राजभाषा कायद्यानं कोकणीला राजभाषेचं स्थान देऊन मराठीच्या वापराचीही तरतूद केली, तिथे ‘कोकणी ही मराठीची बोली’ हा जुना वाद यंत्र गुपचूप एका बाजूनं निकालात काढतं. साधनात भाषा आपोआप ओळखण्याची सोय बंद करून ‘कोकणी’ हातानं निवडा. ती यादीत नसेल तर ते साधन कोकणीसाठी वापरू नका. रोमी लिपीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचा मजकूर यंत्रानं देवनागरीत आणला तरी मूळ रोमी प्रत शेजारी ठेवा आणि गुण तिच्यावरच द्या.

प्रश्न : शाळेत एकच स्मार्टफोन आहे, तोही माझा. रेंज टेकडीवर मिळते. यातलं काय जमेल?
— शिक्षक, अक्कलकुवा तालुका

रेघांचा पाठ, चावडीवरचा तक्ता आणि वाचनपत्रकं, तिन्ही जमतील. एआयचं उत्तर महिन्यातून एकदा तालुक्याला गेल्यावर छापून आणा. पाठासाठी ते कागदावरच बरं, कारण त्यावर रेघा मारता येतात. रेकॉर्डिंगला रेंज लागत नाही. मराठी रेकॉर्डिंगचं मजकुरात रूपांतर टेकडीवरून केलं तरी चालतं, मात्र तुमच्या खाजगी फोनमध्ये गावाच्या फाइली साठवून ठेवू नका: दर शनिवारी शाळेच्या मेमरी कार्डावर उतरवा, कार्ड मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा, फोनमधून पुसा आणि काय कधी उतरवलं त्याची नोंद वहीत करा. भिलीसाठीही ‘आदि वाणी’ आहे, पण ती मध्य प्रदेशची. वापरण्याआधी दहा वाक्यं तुमच्या गावातल्या दोन बायांना ऐकवा, आणि त्यांनी तीनपेक्षा जास्त वाक्यांना नाक मुरडलं तर बाजूला ठेवा.